‘ठपका’ म्हणजे नेमके काय?

राज्य शासनाच्या एका तालुका कार्यालयात लिपिक असलेल्या व्यक्तीने पुढील प्रश्न विचारला आहे. आवक टपालाची नोंद वेळेवर न घेतल्याबद्दल वरिष्ठांनी त्यांच्याकडे तोंडी विचारणा केली, त्यांनी तोंडीच उत्तर दिले आणि पंधरा दिवसांनी एक पत्र त्यांच्या हाती पडले. पत्राचे शेवटचे वाक्य असे आहे: ‘आपणास सक्त ताकीद देण्यात येत असून या प्रकरणी आपणावर ठपका ठेवण्यात येत आहे.’ ही शिक्षा समजायची की नुसती समज, वर्तमानपत्रांत रोज दिसणारा ‘ठपका’ तो हाच का, आणि ताशेरे, निंदा, निषेध, निर्भर्त्सना या शब्दांहून तो कोणत्या बाबतीत वेगळा आहे, असे त्यांना समजून घ्यायचे आहे. विभागीय चौकशांच्या कामात माझी तीस वर्षांहून अधिक सेवा झाली. चौकशी अधिकारी म्हणून मी अहवाल लिहिले आणि शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्यांसाठी आदेशांचे मसुदेही केले. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

मुख्य मुद्दा आधी सांगतो. महाराष्ट्राच्या शासकीय सेवेत ‘ठपका ठेवणे’ ही नियमात नाव घेऊन सांगितलेली शिक्षा आहे, आणि ‘ताकीद’ ही शिक्षा नाही. त्यामुळे ज्या वाक्यात हे दोन्ही शब्द एका दमात आले आहेत, ते वाक्य लिहिणाऱ्याला स्वतःला आपण काय करत आहोत हे ठरवता आलेले नाही, असे समजावे लागते. पत्र मिळालेल्या व्यक्तीचा गोंधळ उडाला असेल, तर तो दोष त्या व्यक्तीचा नाही.

हा शब्द कार्यालयात जन्मलेला नाही, तो घरातून आणि गावातून तिथे गेला. लग्नघरात मानपानाची यादी दोनदा तपासताना एखादी आत्या म्हणते, ‘काही राहून गेलं तर उद्या आपल्यावर ठपका नको.’ या वाक्यात ठपक्याचा मूळ अर्थ पुरता सामावलेला आहे. एखादी गोष्ट बिघडली, ती आपल्या जबाबदारीतली होती आणि ती आपल्यामुळे बिघडली असे इतरांनी ठरवले, म्हणजे ठपका येतो. तो येतो, लागतो, बसतो, आणि दुसऱ्याने तो ठेवायचा असतो. ‘ठपका दिला’ किंवा ‘ठपका केला’ असे मराठी बोलत नाही. ज्याच्यावर तो ठेवला जातो त्याला ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय लागते, म्हणजे ‘लेखापालावर ठपका ठेवला’; ‘लेखापालाला ठपका ठेवला’ ही वाक्यरचना अलीकडे वाचायला मिळते, पण ती ‘ताकीद दिली’च्या साच्यावरून घसरून आलेली आहे. ठपका ही डोक्यावर ठेवलेल्या ओझ्यासारखी वस्तू आहे, अशी कल्पना या ‘ठेवणे’ क्रियापदामागे असावी असे मला वाटते, आणि म्हणूनच तो उतरवताही येतो, त्यातून मुक्तही होता येते.

जवळच्या शब्दांशी त्याची तुलना केली की त्याची जागा आणखी स्पष्ट होते. ‘खापर फोडणे’ यात अन्यायाची छटा आहे: दोष एकाचा आणि खापर दुसऱ्याच्या माथी. ‘बोल लावणे’ यात नात्यातली नाराजी आहे. ‘कानउघाडणी’ ही समोरासमोर होते आणि तिथेच संपते. ठपक्यात मात्र न्याय-अन्याय आधीच गृहीत धरलेला नाही. तो योग्यही असू शकतो, अयोग्यही. त्यासाठी तपासणी लागते. नियम करणाऱ्यांनी हा शब्द निवडला त्याचे मला नेहमीच समाधान वाटत आले आहे. जबाबदारी आणि चूक या दोन्हींना जोडणारा, अपमानाचा अतिरेक नसलेला, खेड्यातल्या शिपायालाही पहिल्या वाचनात कळेल असा दुसरा शब्द मराठीत नव्हता.

आता नियमाकडे वळू. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांतील नियम ५ मध्ये शिक्षांची यादी आहे. तिच्यात किरकोळ शिक्षा आणि जबर शिक्षा असे दोन गट आहेत आणि किरकोळ शिक्षांमध्ये पहिलीच शिक्षा ठपका ठेवण्याची आहे. तिच्यानंतर पदोन्नती रोखणे, निष्काळजीपणामुळे किंवा आदेशभंगामुळे शासनाचे झालेले आर्थिक नुकसान वेतनातून वसूल करणे, वेतनवाढ रोखणे या शिक्षा येतात. ठपक्याने वेतनातला एक रुपयाही कमी होत नाही, वेतनवाढीची तारीख पुढे जात नाही, पद बदलत नाही. म्हणूनच अनेक अधिकारी त्याला हलके समजतात आणि तो सहज लिहून टाकतात. पण तो कितीही सौम्य असला तरी शिक्षांच्या यादीत आहे, आणि एकदा तो यादीत आहे म्हटल्यावर तो देण्याची रीतही ठरलेली आहे.

ती रीत नियम १० मध्ये सांगितली आहे. किरकोळ शिक्षा देण्यापूर्वी संबंधित कर्मचाऱ्याला, त्याच्यावर कारवाई करण्याचे योजले आहे हे आणि ज्या गैरवर्तनाबद्दल ती योजली आहे त्याचा तपशील, असे दोन्ही लेखी कळवावे लागते. त्याला अभिवेदन करण्याची, म्हणजे आपले म्हणणे लेखी मांडण्याची, वाजवी संधी द्यावी लागते, आलेले अभिवेदन विचारात घ्यावे लागते आणि प्रत्येक आरोपावर निष्कर्ष नोंदवावा लागतो. जबर शिक्षेसाठी नियम ८ प्रमाणे जी संपूर्ण चौकशी लागते, म्हणजे जोडपत्रांसह दोषारोपपत्र, साक्षीदार, उलटतपासणी, खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी, ती येथे दरवेळी आवश्यक नसते. पण ‘लहान शिक्षा आहे, मग विचारायचे कशाला’ ही समजूत साफ चुकीची आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे आणि पदावनती या तीन गोष्टींपुरते आहे, ठपक्याला ते लागू होत नाही, हे खरे आहे. परंतु ठपक्याला नियम १० चे संरक्षण आहे, आणि ते पाळले नाही तर अपिलात किंवा महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे आदेश टिकणे कठीण होते.

ताकिदीचे तसे नाही. ‘ताकीद’ हा मूळचा अरबी शब्द, फार्सीच्या मार्गाने आपल्या दफ्तरात आला. त्याचा मूळ अर्थ एखादी गोष्ट जोर देऊन, पक्की करून सांगणे असा आहे. मराठीतही तो अर्थ टिकून आहे. ताकीद पुढच्या वागण्याबद्दल असते: ‘यापुढे असे होता कामा नये.’ ठपका मागच्या कृत्याबद्दल असतो: ‘हे झाले, ते तुमच्यामुळे झाले, आणि त्याबद्दल ही शिक्षा.’ वरिष्ठाने कनिष्ठाला वळण लावण्यासाठी ताकीद देणे हे रोजच्या प्रशासनाचे अंग आहे, त्यासाठी दोषारोप लागत नाहीत, आणि म्हणूनच तिची नोंद शिक्षा म्हणून सेवापुस्तकात करता येत नाही. ‘सक्त’ हे विशेषण जोडले म्हणून ताकीद शिक्षा होत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. उलट, ताकीद म्हणून दिलेल्या पत्राची प्रत सेवापुस्तकात चिकटवून तिचा पदोन्नतीच्या वेळी विरोधात वापर केला, तर ती नावाने ताकीद आणि परिणामाने ठपका ठरते, आणि मग नियम १० प्रमाणे संधी दिली होती का हा प्रश्न उभा राहतोच. केंद्र सरकारच्या सूचनांचे तत्त्वही याच दिशेचे आहे: शिस्तभंगाची कार्यवाही सुरू करून तिच्या अखेरीस काही दोष सिद्ध झाला, तर निदान ठपक्याची शिक्षा द्यावी, लेखी ताकीद देऊन प्रकरण मिटवू नये, दोष सिद्ध झाला नाही तर कर्मचाऱ्याला निर्दोष ठरवावे.

मी नोकरीच्या सुरुवातीच्या काळात हीच चूक केली होती. एका कार्यालयात माझ्यावर आदेशाचा मसुदा करण्याचे काम आले. साहेबांनी तोंडी सांगितले, ‘कडक लिहा.’ मी कडक म्हणजे जास्त शब्द असे समजलो आणि ‘समज देण्यात येते, सक्त ताकीद देण्यात येते, तसेच ठपका ठेवण्यात येत आहे’ असे तिन्ही एकत्र लिहिले. ज्या भांडारपालाबद्दल तो आदेश होता त्याने पुढे अपील केले. अपील प्राधिकाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारला की यांतली शिक्षा कोणती, आणि ती देण्यापूर्वीची नोटीस कुठे आहे. नोटीस नव्हती. आदेश रद्द झाला. त्या माणसाची चूक खरी होती, पण ती सिद्ध करण्याची संधी आमच्या शब्दांनी घालवली. आणि मधल्या दोन वर्षांत त्याच्या पदोन्नतीची एक निवडसूची निघून गेली होती, तीही परत आणता आली नाही. शब्द सैल वापरला की नुकसान दोन्ही बाजूंचे होते, हे मला त्या प्रकरणात समजले.

म्हणून मसुदा करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की आदेशात ‘ठपका’ हा शब्द एकटा ठेवू नये. ‘महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांतील नियम ५ अन्वये श्री. अमुक यांना ठपका ठेवण्याची शिक्षा देण्यात येत आहे’ असे लिहिले की संदिग्धता उरत नाही: नियम समोर आला, ‘शिक्षा’ हा शब्द आला, अपिलाचा मार्ग आपोआप उघडला. त्याच्या आधीच्या परिच्छेदात आरोप काय होता, कर्मचाऱ्याचे म्हणणे काय होते आणि ते का मान्य झाले नाही, हे तीन-चार वाक्यांत असले पाहिजे. आपल्या कार्यालयीन मराठीला ‘देण्यात येत आहे’, ‘ठेवण्यात येत आहे’ या कर्मणी रचनेची फार सवय आहे. तिच्यात कर्ता लपतो. सामान्य पत्रव्यवहारात ते चालून जाते. शिक्षेच्या आदेशात मात्र शिक्षा देणारा प्राधिकारी कोण आणि त्याला तो अधिकार आहे का, हे वाचणाऱ्याला दिसलेच पाहिजे.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, वर्तमानपत्रांतला ठपका. ‘पूल कोसळल्याप्रकरणी चौकशी समितीचा कंत्राटदारावर ठपका’ अशी बातमी आपण वाचतो, तेव्हा तिथे कोणालाही शिक्षा झालेली नसते. समितीने तपासून एवढेच म्हटलेले असते की जबाबदारी याची आहे. हा वापर चुकीचा नाही. घरगुती वापराच्या तो अधिक जवळचा आहे. मात्र त्याचा अर्थ ‘दोष दाखवला’ असा आहे, ‘शिक्षा दिली’ असा नाही, हे वाचकाने आणि बातमी लिहिणाऱ्यानेही ध्यानात ठेवायला हवे. याचे जुने आणि मोठे उदाहरण मुंबईतलेच आहे. आयुर्विमा महामंडळाने उद्योजक हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे समभाग खरेदी केल्याच्या प्रकरणी १९५८ साली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांचा एकसदस्य आयोग नेमण्यात आला. त्याने मुंबईत जाहीर सुनावणी घेतली, आणि सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही असा निष्कर्ष काढला. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा दिला. आयोगाला कोणाला शिक्षा देण्याचा अधिकारच नव्हता. त्याने ठपका ठेवला, आणि पुढचे परिणाम राजकीय जबाबदारीच्या तत्त्वाने घडले.

चौकशी आयोगाचा ठपका ही शिक्षा नसली तरी त्याने माणसाची अब्रू जाऊ शकते, हे कायद्यानेही ओळखले आहे. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ मध्ये पुढे कलम ८-ख घालण्यात आले. ज्या व्यक्तीच्या वर्तनाची चौकशी करणे आयोगाला आवश्यक वाटते, किंवा चौकशीमुळे जिच्या लौकिकाला बाध येण्याचा संभव आहे, तिला आपले म्हणणे मांडण्याची आणि बचावाचा पुरावा देण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे, असे ते कलम सांगते. किरण बेदी यांच्या प्रकरणात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने लौकिकाचा हा हक्क ठामपणे उचलून धरला. म्हणजे ठपका कार्यालयातला असो की आयोगाचा, ‘आधी विचारा, मग ठेवा’ ही अट दोन्हीकडे आहे.

न्यायालय जेव्हा निकालपत्रात एखाद्या अधिकाऱ्याबद्दल, तपासाबद्दल किंवा खालच्या न्यायालयाबद्दल कठोर शब्द लिहिते, तेव्हा मराठीत त्याला ‘ताशेरे ओढणे’ म्हणतात. ताशेरे नेहमी ओढले जातात आणि बहुधा अनेकवचनात असतात. ‘ताशेरा’ असे एकवचन आता दुर्मीळ झाले आहे. ठपक्याहून त्यांचे वेगळेपण असे की ज्याच्यावर ते ओढले जातात तो बहुतेक वेळा त्या खटल्यातला पक्षकारच नसतो. वाद असतो दोघांचा, आणि शब्द लागतात तिसऱ्याला. याच कारणाने सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मोहम्मद नईम या प्रकरणात, १९६३ साली दिलेल्या निकालात, तीन कसोट्या सांगितल्या. ज्याच्याविरुद्ध शेरे आहेत तो न्यायालयापुढे होता का, किंवा त्याला खुलाशाची संधी मिळाली होती का. शेऱ्यांना अभिलेखातल्या पुराव्याचा आधार आहे का. आणि मूळ प्रकरणाचा निर्णय करण्यासाठी ते शेरे आवश्यक होते का. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निकालात राज्यातल्या सबंध पोलीस दलाबद्दल सरसकट कठोर विधाने करण्यात आली होती, त्यावरून हे प्रकरण वर गेले होते. आजही कोणी वकील निकालपत्रातले ताशेरे वगळून घेण्यासाठी अर्ज करतो, तेव्हा युक्तिवाद याच तीन कसोट्यांवर उभा असतो.

गोपनीय अहवालातला ‘प्रतिकूल शेरा’ हा आणखी वेगळा प्रकार. तो वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचा भाग असतो, एका प्रसंगाचा नव्हे, आणि तो शिक्षा नसतो. परंतु तोही कर्मचाऱ्यापासून लपवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या देव दत्त प्रकरणातल्या २००८ च्या निकालानंतर तर प्रत्येक नोंद, चांगली असो की वाईट, संबंधिताला कळवली पाहिजे असे तत्त्व आले आहे.

‘समज देणे’ हे दिसायला सगळ्यात सौम्य, पण त्यालाही कायद्यात जागा आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ मधील कलम ३ अन्वये ठरावीक कमी गंभीर गुन्ह्यांत, पूर्वी दोषसिद्धी झालेली नसेल अशा व्यक्तीला, न्यायालय योग्य ती समज देऊन सोडू शकते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ मधील कलम ३५ अन्वये वकिलाविरुद्धच्या तक्रारीत शिस्त समितीपुढे चार मार्ग असतात: तक्रार फेटाळणे, खरमरीत ताकीद देणे, व्यवसाय काही काळ स्थगित करणे, आणि सनदच काढून घेणे. लक्षात घ्या, येथे ताकीद ही खरोखरच शिक्षा आहे, कारण तो अधिनियम तिला शिक्षांच्या मालिकेत बसवतो. मी वर म्हटले की ताकीद ही शिक्षा नाही. ते शासकीय सेवेच्या नियमांपुरते खरे आहे. शब्दाचे वजन शब्दात नसते, ज्या नियमाखाली तो उच्चारला जातो त्या नियमात असते. विधिमंडळाच्या आणि संसदेच्या विशेषाधिकारभंगाच्या प्रकरणांतही असेच आहे. मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे संपादक आर. के. करंजिया यांना आचार्य कृपलानींबद्दलच्या मजकुरासाठी ऑगस्ट १९६१ मध्ये लोकसभेच्या कठड्यापाशी उभे करून सभापतींनी कडक समज दिली होती. दंड नाही, कैद नाही, फक्त उच्चारलेले शब्द. पण सभागृहाच्या नावाने उच्चारलेले.

निंदा या शब्दाबद्दल मला थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण येथे हिंदी आणि मराठी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत. केंद्र सरकारच्या सेवा नियमांत, म्हणजे केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, १९६५ मधील नियम ११ मध्ये, पहिली किरकोळ शिक्षा हीच आहे, आणि तिला हिंदीत ‘परिनिंदा’ म्हणतात. टपाल खात्यात, रेल्वेत किंवा अन्य केंद्रीय कार्यालयांत काम करणाऱ्या मराठी माणसाच्या हाती हा शब्द येतो आणि तो घाईत ‘परनिंदा’ असा वाचला जातो. परनिंदा म्हणजे दुसऱ्याची निंदा करण्याचा दुर्गुण; आणि मग ‘मी कोणाची निंदा केली?’ असा प्रश्न त्याला पडतो. हे मी प्रत्यक्ष ऐकले आहे. गोवा शासनाच्या कर्मचाऱ्यांनाही १९६५ चेच नियम लागू असल्याने तिथल्या मराठी वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे: परिनिंदा म्हणजे आपला ठपका, दुसरे काही नाही.

मराठी कानाला ‘निंदा’ या शब्दात दोष निंदा करणाऱ्याकडे असल्याचा भास होतो. ‘निंदकाचे घर असावे शेजारी’ हे वचन आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातला निंदक उपयोगी असला तरी सज्जन नाही. त्यामुळे वरिष्ठाने कर्मचाऱ्याची ‘निंदा केली’ असे लिहिले तर वरिष्ठच खालच्या पातळीवर उतरल्यासारखे वाटते. सेवा नियमांत हा शब्द टाळला गेला हे योग्यच झाले. संसदीय भाषेत मात्र तो ‘निंदाव्यंजक ठराव’ या रूपात टिकून आहे, आणि ‘व्यंजक’ जोडल्याने तो थोडा तटस्थही झाला आहे. निंदाव्यंजक ठराव आणि अविश्वास ठराव यांत अनेकांची गल्लत होते. अविश्वास ठरावाला कारणे द्यावी लागत नाहीत, तो सबंध मंत्रिमंडळाविरुद्ध असतो आणि तो संमत झाला तर सरकारला जावे लागते. लोकसभेतला पहिला असा ठराव ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी पंडित नेहरूंच्या सरकारविरुद्ध मांडला आणि तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. निंदाव्यंजक ठरावात कारणे स्पष्ट लिहावी लागतात, तो एका मंत्र्याविरुद्धही असू शकतो, आणि तो संमत झाला म्हणून सरकार कायद्याने पडत नाही. येथेही ठपक्याचेच तत्त्व दिसते: दोष नाव घेऊन सांगायचा असेल तर कारण द्या.

या संदर्भात वृत्तपत्रांतल्या अनुवादकांना एक सूचना करतो. फ्रान्सच्या राज्यघटनेतील अनुच्छेद ४९ मध्ये ज्या ठरावाला ‘सेन्शुअर’चा (इंग्रजीत ठपक्यासाठी हाच शब्द आहे) ठराव म्हणतात तो आपल्या अर्थाने अविश्वास ठराव आहे. १९६२ साली पंतप्रधान पाँपिदू यांचे आणि डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान बार्निए यांचे सरकार त्याच ठरावाने पडले. शब्दसाम्यावरून त्याला मराठीत ‘निंदाव्यंजक’ म्हटले की वाचकाला सरकार का पडले तेच कळत नाही. उलट अमेरिकेच्या सिनेटने डिसेंबर १९५४ मध्ये आपले सदस्य जोसेफ मॅकार्थी यांच्याविरुद्ध ६७ विरुद्ध २२ मतांनी जो ठराव केला, त्याने त्यांचे सदस्यत्व गेले नाही. त्यासाठी ‘निंदाव्यंजक’ हाच शब्द बरोबर आहे. आणि ‘सेन्शुअर’ला ‘सेन्सॉर’ समजण्याची चूकही होते. दोन्ही शब्दांचे मूळ प्राचीन रोममधल्या एकाच पदाधिकाऱ्याच्या नावात आहे हे खरे, पण आज एकाचा अर्थ ठपका आणि दुसऱ्याचा अर्थ मजकुराची छाटणी करणारा असा आहे.

‘निषेध’ची गोष्ट निराळी आहे. संस्कृतात निषेध म्हणजे मनाई. शास्त्रांत विधी आणि निषेध अशी जोडी येते. हिंदीने तो अर्थ ठेवला, म्हणून हिंदी फलकावर ‘प्रवेश निषेध’ असते. मराठीत मनाईचा अर्थ ‘निषिद्ध’मध्ये राहिला आणि ‘निषेध’ हा जाहीर विरोधाचा शब्द झाला: निषेध सभा, निषेध मोर्चा, दोन देशांमधला निषेध खलिता. निषेध करणाऱ्याकडे अधिकार असावा लागत नाही. किंबहुना अधिकार नसलेल्यांचे ते साधन आहे. म्हणून कर्मचारी संघटना शासन निर्णयाचा निषेध करते, पण शासन आपल्या कर्मचाऱ्याचा निषेध करत नाही, त्याच्यावर ठपका ठेवते. ‘धिक्कार’ हा त्याच कुळातला, अधिक तीव्र, घोषणेचा शब्द. ‘निर्भर्त्सना’ ग्रंथांत आणि अग्रलेखांत शोभते. तिच्यात वक्त्याचा संताप असतो, कोणतीही प्रक्रिया नसते, आणि कार्यालयीन आदेशात तिला जागा नाही.

शेवटी प्रश्नकर्त्यांच्या पत्राविषयी. पत्रात नियम ५ किंवा नियम १० चा उल्लेख आहे का, तुम्हाला त्यापूर्वी आरोपांसह लेखी ज्ञापन मिळाले होते का, आणि पत्राची प्रत सेवापुस्तकासाठी आस्थापना शाखेकडे पाठवली आहे का, हे आधी पाहा. पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून जी नावे असतात त्यांतून शेवटची गोष्ट बहुधा कळते. तुमच्या सांगण्यावरून लेखी ज्ञापन आलेले दिसत नाही. तसे असेल तर प्रथम त्याच कार्यालयाला विनम्र भाषेत लेखी विचारा की दिनांक अमुकच्या पत्रातील मजकूर ही ताकीद आहे की नियम ५ अन्वये दिलेली शिक्षा. ताकीद आहे असे उत्तर आले, तर ‘ठपका’ हा शब्द वगळून सुधारित पत्र द्यावे आणि सेवापुस्तकात शिक्षेची नोंद घेऊ नये अशी विनंती करा. शिक्षा आहे असे उत्तर आले, तर नियम १० प्रमाणे संधी मिळाली नाही हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर घेऊन अपील करा, आणि अपिलाची मुदत मूळ पत्र हाती पडल्याच्या दिवसापासून मोजली जाईल असे धरून चाला. खुलाशाची वाट पाहण्यात ती जाऊ देऊ नका. टपालाच्या नोंदीला खरोखर उशीर झाला असेल तर अपिलात ते नाकारू नका. त्या दिवशी आवक शाखेत किती टपाल आले, दुसरा लिपिक रजेवर होता का, नोंद किती दिवसांनी झाली आणि त्यामुळे कोणते काम अडले, हे नोंदवहीच्या पानांच्या प्रतींसह लिहा.